चाळीस मेंढरं आत गेली

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंनी चहा सोफ्यावर सांडला, आणि घरात अजूनही तो डाग माझ्याच नावावर आहे.

फजिती माझीच आहे, लपवत नाही. आणि ती घरातल्या घरात झाली असती तर गिळून टाकली असती. पण माझी फजिती अख्ख्या गावासमोर, वनखात्याच्या पिंजऱ्याच्या साक्षीनं झाली आणि ग्रामपंचायतीच्या वहीत शिक्क्यासह नोंदली गेली. आता बोला!

तुम्हाला माहीतच आहे, मी नाशिकच्या कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातही माझा जीव गवतावर. लोक गुलाब लावतात, मी गवताचे तुरे गोळा करत हिंडतो. निवृत्त झाल्यावर माझ्यासारखेच सहा रिकामटेकडे जमले आणि आम्ही नांदगावच्या बाजूला एका गावचं गायरान सांभाळायचं मनावर घेतलं. उघडा माळ, मधून मधून काळविटं, कधीमधी लांडगा. तिथले लोक मला ‘गवतसर’ म्हणतात. मला ते नाव आवडतं.

माळावर आमचा खरा भागीदार म्हणजे भिवाजी. मेंढपाळ माणूस, माझ्याच वयाचा, पण माझ्या दुप्पट चालणारा. त्याचा आमचा करार झाला तो तीन पावसाळ्यांच्या वादावादीनंतर. अर्धा माळ त्यानं बी पडेपर्यंत मेंढरांना बंद ठेवायचा, म्हणजे गवत पुन्हा धरेल. लांडग्याला विष घालायचं नाही. बदल्यात मेंढरं रात्री कोंडायला आम्ही त्याला चांगल्या मजबूत नायलॉनच्या जाळ्या करून द्यायच्या, म्हणजे लांडगा उपाशी परत जाईल आणि भिवाजी शांत झोपेल. जाळ्यांची मागणी मी स्वतः, माझ्या हातानं लिहिली होती. हे लक्षात ठेवा.

आणखी एक लक्षात ठेवा. माझ्याकडे एक हिरवी वही आहे. मेंढपाळांच्या तोंडचे शब्द मी त्यात टिपतो. गवतांची नावं, मेंढीच्या रंगांची नावं, आजारांची नावं. या वहीवर मी नाशिकला दोन व्याख्यानं दिली आहेत. ‘त्यांची भाषा कळल्याशिवाय माळ कळत नाही’ हे माझं त्यातलं आवडतं वाक्य. टाळ्याही पडल्या होत्या. आमची ही पहिल्या रांगेत बसली होती, तिनं मात्र वाजवली नाही.

तर आता मुद्दा. सरकारी कागदात त्या गायरानापुढे ‘पडीक’ असं लिहिलंय. पडीक म्हटलं की काही माणसांचे हात शिवशिवतात. उपसरपंच दादाभाऊंचे तसे शिवशिवत होते. त्यांना तिथं खड्डे खणून, रांगेनं झाडं लावून, भोवती कुंपण घालायचं होतं. झाडं कुणाला नको असतात? पण त्या माळावर झाडांची रांग लागली आणि कुंपण पडलं की भिवाजीचा कळप गावाबाहेर. त्याच्या बापानं, आज्यानं जिथं मेंढरं चारली तिथून त्याला बिऱ्हाड उचलावं लागलं असतं. काळविटांचं तर विचारूच नका.

सरपंच मंगलताई आमच्या बाजूच्या होत्या. ‘गायरान गवताचंच ठेवायचं, मेंढपाळ आणि आपण मिळून त्याची राखण करायची’ असा ठराव त्यांनी ग्रामसभेपुढे ठेवला. आणि ग्रामसभा भरेना! दोनदा बोलावली, दोनदा कोरमअभावी बारगळली. एकदा चौदा माणसं आली, त्यातली दोन पत्ता विचारायला आली होती. जमिनीचा विषय असल्यामुळे पुरेशी माणसं असल्याशिवाय ग्रामसेवक वही उघडायला तयार नव्हते. आता तिसरी आणि शेवटची सभा. हीसुद्धा बारगळली तर दादाभाऊंचा झाडांचा प्रस्ताव पुढं जाणार हे ठरलेलं.

सभा सकाळी अकराला, शाळेच्या पटांगणात. मी आदल्या दिवशीच नांदगावात मुक्कामाला आलो होतो. दिवाळी होऊन पंधरवडा झालेला, हवेत गारवा. सकाळी आठच्या सुमारास एसटी स्टँडवर चहा घेत, भाषण मनातल्या मनात म्हणत उभा होतो. आणि फोन वाजला. भिवाजी.

माळावर रेंज म्हणजे नशिबाचा भाग. त्यात इकडे माझ्या कानाशी स्टँडचा भोंगा मनमाड गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगतोय. त्या गोंधळात मला ऐकू आलं ते असं:

“सर, वाघ रं... आली बगा.”

माझ्या हातातला कप थांबला. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या जिल्ह्यात बिबट्यालाही वाघच म्हणतात. आणि मला एरवी ‘अहो सर, बसा सर’ करणारा माणूस एकदम ‘रं’वर आला, म्हणजे किती घाबरला असेल? शिवाय ‘आला’ नाही, ‘आली’. मी शास्त्राचा माणूस. क्रियापदावरून लगेच ताडलं की मादी आहे.

“मोठी आहे का?” मी विचारलं.

“लय मोठी. आन संगं तीन बारक्या बी हायेत.”

पिल्लं! तीन! आणि तिन्ही माद्या!

“आत्ता कुठे आहे?”

“हितंच, गवताच्या कडंला. चांगली ऐसपैस पसरलीय.”

“आणि मेंढरं?”

“मेंढरं?” भिवाजीचा आवाज मला भरून आल्यासारखा वाटला. “चाळीस मेंढरं आत गेली बगा. आरामात.”

मी स्टँडच्या बाकावर बसलो. आता तुम्ही म्हणाल, अहो सर, एक बिबट्या चाळीस मेंढरं कशी खाईल? मीही स्वतःला विचारलं. पण मग म्हटलं, सोबत तीन पिल्लं आहेत ना.

त्यानंतर लाइन तुटायला लागली. शेवटचं जे कानावर पडलं ते “तुम्ही या लवकर... नरडं फोडायचं...” एवढंच. फोन बंद. मी उलट फोन लावला तर ती बाई सांगतेय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मला वाटलं, झालं. भिवाजी संपर्काच्याच काय, सगळ्याच क्षेत्राच्या बाहेर गेला.

त्या माणसाच्या हातची भाकरी मी तीन वर्षं खाल्ली होती. अर्धा माळ बंद ठेव म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो. गवत वाढवा, गवत वाढवा, हे मीच म्हणत होतो. आणि त्याच गवतात मादी दबा धरून बसली!

मी पहिला फोन वनखात्यात केला. तिथल्या वनरक्षकानं शांतपणे विचारलं, “सर, तुम्ही स्वतः पाहिलं का?” मी म्हटलं, “प्रत्यक्षदर्शीनं सांगितलंय, मादी आहे, तीन पिल्लं आहेत, चाळीस मेंढरं गेली आहेत.” चाळीस हा आकडा त्यानं दोनदा विचारून घेतला. मग तो म्हणाला, पिंजरा घेऊन निघतो.

दुसरा फोन मंगलताईंना. त्या बिचाऱ्या सभेसाठी सतरंज्या टाकून घेत होत्या. त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला की गायरानात वाघ शिरलाय, कुणी एकट्यानं जाऊ नये.

आता मला सांगा, गावात ‘एकट्यानं जाऊ नये’ म्हटलं की काय होतं? सगळे मिळून जातात.

मी रिक्षा करून गावात पोचलो तर वेशीवर जत्रा. काठ्या, कुऱ्हाडी, वाजवायला ताटं, पिंपं, दोन ट्रॅक्टर भरून माणसं. कांद्याची लागण सोडून बाया आलेल्या. एक आजोबा, ज्यांना दहा वर्षांत कुणी पारावरून उठताना पाहिलं नव्हतं, तेही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून बसलेले. मागून वनखात्याची गाडी, तिच्यावर पिंजरा. आणि या सगळ्यांच्या पुढं दादाभाऊ.

दादाभाऊ माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात झाडांच्या रांगा दिसत होत्या. “काय गवतसर,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मी काय म्हणत होतो? गवत वाढलं की जनावर येणार. मी सांगितलं तवा मला वेड्यात काढलं.”

मान डोलवणारे पुष्कळ निघाले. तीन वर्षांचं काम माझ्या डोळ्यांसमोर ट्रॉलीत बसून चाललं होतं. पण त्या क्षणी ठरावापेक्षा मला भिवाजीची काळजी जास्त होती. मी एकाची काठी घेतली आणि सरळ माळाकडे चालायला लागलो. वनरक्षक मागून ओरडतोय, “सर, थांबा, आम्हाला पुढं होऊ द्या.” ऐकतंय कोण? गाव माझ्या मागं, पण बरोब्बर पंचवीस पावलं मागं.

टेकाड चढून वर आलो आणि माळ समोर आला. दोन मिनिटं मी वाघ विसरलो. बंद ठेवलेल्या अर्ध्या भागात गवत कमरेएवढं, पिकून सोनेरी झालेलं, उन्हात हलत होतं. आमच्या चाहुलीनं त्यातून काळविटं उठली. पंधरा-वीस असतील. एक काळा नर मान वर करून आमच्याकडे बघत राहिला, आणि मग सगळीच उड्या मारत पलीकडे गेली. मागं गावही जागच्या जागी थांबलं. मंगलताईंनी नंतर सांगितलं, निम्म्या लोकांनी बारा वर्षांत तो माळ पाहिलाच नव्हता.

आणि तेवढ्यात गवताच्या कडेला काहीतरी सळसळलं.

मी काठी उगारली, एक पाऊल पुढं टाकलं, आणि माझा पाय कुणीतरी धरला. खरंच धरला हो! ओढायला गेलो तर दुसराही धरला. मी आडवा झालो. हात टेकवला तर तो अडकला, तोंड वळवलं तर चष्मा अडकला. मी शास्त्र वगैरे सगळं विसरून ओरडलो, “धरलं! मला धरलं!”

माझ्या मागचं गाव पंचवीस पावलांवरून थेट ट्रॅक्टरपर्यंत मागं गेलं. पारावरचे आजोबा खुर्चीवर उभे राहिले म्हणतात. मी डोळे मिटले. आमची ही म्हणाली असती, ‘मी सांगितलं होतं बुवा नातवंडांत रमा,’ असं काहीसं मनात येऊन गेलं.

तर वरून एका बाईचा आवाज आला. भिवाजीची बायको ठकूबाई.

“सर, आंग हलवू नगा. नवी हाय, फाटंल.”

मी एक डोळा उघडला. नाकासमोर हिरवा नायलॉनचा दोर होता. दोराला गाठी होत्या. गाठींची जाळी होती. ती माळाच्या कडेनं गवतावर ऐसपैस पसरली होती, आणि तिच्या बरोब्बर मधोमध मी होतो.

“ठकूबाई,” मी आडव्यानंच विचारलं, “वाघ कुठाय?”

“कसला वाघ?”

“भिवाजीनं फोन केला. वाघ आली म्हणाला.”

ठकूबाईनं माझ्याकडे, मग जाळीकडे, मग टेकाडावर जमलेल्या गावाकडे पाहिलं. “वाघर आली, म्हनले असतील,” ती म्हणाली. “ही वाघर. तुमीच धाडली नाय का?”

वाघर! मेंढरं कोंडायची जाळी! एक मोठी, आणि कोकरांसाठी तीन बारक्या. नवी जाळी उभी करून भिवाजीनं पहाटे तिच्यात कळप घालून पाहिला होता, चाळीस मेंढरं आत गेली होती, आरामात. आता गाठी तपासायला ती पसरून ठेवली होती. आणि नरडं म्हणाल तर तेवढ्यात भिवाजी झाडाखालून आलाच. त्याच्या एका हातात कुंकवाची पुडी, दुसऱ्या हातात नारळ. तो तुमच्या हातनं फोडायचा म्हणून थांबलो होतो, म्हणाला.

आधी वनरक्षकाला हसू फुटलं. त्याला खात्याची शिस्त होती म्हणून त्यानं पिंजऱ्याकडे तोंड करून हसून घेतलं. मग मंगलताई. मग ट्रॉलीतले आजोबा. मग असं हसू पसरलं की काळविटं परत एकदा उठली असतील. मला जाळीतून सोडवायला चार माणसं लागली आणि चौघांचेही हात हसण्यानं थरथरत होते, त्यामुळं मी आणखीच गुंतत गेलो.

फक्त दादाभाऊ हसत नव्हते. ते पुढं झाले आणि म्हणाले, “बघा मंडळी. ज्याला वाघ आन वाघर कळत नाय, त्याच्या सल्ल्यानं गावचा माळ चालवायचा का?”

हसणं थांबलं. माणूस बरोबर बोलत होता. एका पायात जाळी अडकलेल्या अवस्थेत मी भाषणातलं एक वाक्य आठवायचा प्रयत्न केला. आठवलं ते ‘त्यांची भाषा कळल्याशिवाय’ हेच. ते मी मनातच ठेवलं.

भिवाजीनं नारळ खाली ठेवला. तो चार माणसांत बोलणारा नाही. मेंढरांशी बोलतो त्याच आवाजात बोलला.

“दादाभाऊ, मागल्या साली लांडग्यानं माजी सात मेंढरं नेली. मी गावात येऊन सांगितलं. कोन आलं वं माळावर? आज माजी चाळीस गेली आसं ह्या मानसानं ऐकलं, आन काठी घिऊन समद्याच्या म्होरं हाच आला. चुकीचं ऐकलं. पर आला का नाय?”

मग त्यानं माळाकडे हात केला.

“आन माळाचं म्हनाल तर तो काय ह्या सरांचा नाय आन माजा बी नाय. औंदा निम्मा राखला, दिवाळीपातूर मेंढरू घातलं नाय. तुमी पडीक म्हंता तो ह्योच. बगा.”

आणि गाव बघायला लागलं. बाया गवतात शिरल्या. एकीनं मूठभर उपटून दाताखाली धरलं आणि शेजारणीला म्हणाली, उन्हाळ्यात गायांना हे कापून न्यायला मिळालं तर विकतचा कडबा कशाला लागंल? भिवाजी म्हणाला, बी पडलंय, आता विळा घेऊन या की. मग प्रश्न सुरू झाले. किती घरांना मिळेल, विळे कधी घालायचे, मेंढरं कधी सोडायची. तीन वर्षं मी जे व्याख्यानातून सांगत होतो ते लोक आता भिवाजीला आपणहून विचारत होते.

मंगलताई मात्र वेगळ्याच हिशेबात होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं. अकराला पाच कमी. मग टेकाडावरच्या गर्दीवरून नजर फिरवली आणि ग्रामसेवकांना हाक मारली. “भाऊसाहेब, जरा डोकी मोजा.”

ग्रामसेवकांनी मोजली. परत मोजली. त्यांचा चेहरा असा झाला की जणू खरंच वाघ पाहिला. “ताई,” ते म्हणाले, “कोरम झालाय. दोनदा होईल एवढा झालाय.”

“मग सगळ्यांच्या संमतीनं सभा इथंच. वही काढा.”

आणि मंडळी, त्या गावच्या इतिहासात पहिल्यांदा कोरम भरलेली ग्रामसभा उघड्या माळावर, वनखात्याच्या रिकाम्या पिंजऱ्याला टेकून झाली. ठराव वाचला. हात वर करा म्हटल्यावर काठ्या, विळे, ताटं, सगळं वर गेलं. ट्रॉलीतल्या आजोबांनी दोन्ही हात वर केले, त्यांना एकच मोजला म्हणून ते अजून नाराज आहेत. सगळ्यात शेवटी, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, दादाभाऊंनीही हात वर केला. त्यांच्या चार गायी आहेत. ग्रामसेवकांनी तो हात पाहिला आणि नाव ठसठशीत लिहिलं.

ठराव मंजूर! गायरान गवताचंच राहणार, राखण मेंढपाळांची आणि आमची मिळून, रात्री मेंढरं वाघरीत, कापणी गावाची. मी नारळ फोडला. भिवाजीनं मला मिठी मारली, त्याच्या घोंगडीचा वास अजून माझ्या स्वेटरला आहे आणि मी तो धुवू देत नाही. वनरक्षकानंसुद्धा खोबरं खाल्लं. मला तर वाटायला लागलं की हे सगळं मीच घडवून आणलं. माझ्या फोनशिवाय जमले असते का एवढे लोक? हे मी दोघातिघांना बोलूनही दाखवलं.

तेवढ्यात ग्रामसेवकांनी मान वर केली. “सर, ठरावात ‘वाघर’ असा शब्द आलाय. वरचे लोक विचारतील. पुढं अर्थ काय लिहू?”

माझी छाती फुगली. शब्दांचा विषय म्हणजे माझं घरचं अंगण. “थांबा,” मी म्हटलं, “आज हा नवा शब्द मला मिळालाय. रीतसर नोंद करून मग तुम्हाला सांगतो.” आणि सगळ्यांसमोर खिशातून हिरवी वही काढली. मंगलताई शेजारी येऊन डोकावल्या. कोरं पान शोधायला मी वही चाळत होतो, तर त्यांनी चौथ्या पानावर बोट ठेवलं.

“सर, हे काय लिहिलंय?”

मी वही झटकन मिटली. पण त्या सरपंच आहेत, वही काढून घेणं त्यांना जमतं. त्यांनी ते सगळ्या ग्रामसभेला, सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्षर माझं. तारीख तीन वर्षांपूर्वीची. खाली लाल शाईच्या दोन रेघा.

‘वाघर: मेंढरं कोंडायची जाळी. वाघाशी काहीही संबंध नाही. नीट लक्षात ठेवणे.’

ग्रामसेवकांनी शब्दन्‌शब्द वहीत उतरवून घेतला आणि खाली माझी सही घेतली.